येऊरचा पाचोळा : पान कुजतं म्हणजे नेमकं काय होतं?

पर्णिका | १४ सप्टेंबर, रात्री ९.१०

मी ठाण्यात उपवनच्या बाजूला राहते. आमच्या सोसायटीची मागची भिंत संपली की येऊरचा डोंगर सुरू. फेब्रुवारीपासून मेपर्यंत साग, ऐन आणि करंजाची पानं भिंतीवरून आवारात येत राहतात. दरवर्षी ती झाडून गोण्यांत भरली जातात. यंदा मी थोडी बाजूला काढून ठेवली, कारण एक गोष्ट खूप वर्षं मनात होती : हे पान मातीत जातं म्हणजे नक्की कुठे जातं?

मच्छरदाणीच्या कापडाच्या बारा पिशव्या शिवल्या. चार सागाच्या, चार ऐनाच्या, चार करंजाच्या. प्रत्येकीत उन्हात कडकडीत वाळवलेली १० ग्रॅम पानं. ७ जूनला त्या मागच्या जांभळाखाली मातीवर अंथरल्या आणि कडेला विटा ठेवल्या. अधूनमधून प्रत्येकातली एक पिशवी उचलते, पानं वाळवते, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करते.

आतापर्यंत जे दिसलं त्यातून पडलेले प्रश्न :

पहिल्या तीन आठवड्यांत नुसता पाऊस होता. पिशवीत गांडूळ नाही, किडा नाही. तरी करंजाचं वजन १० चं ७ ग्रॅमवर आलं. ३ ग्रॅम गेले कुठे?

ऐनाची ऑगस्टमधली पिशवी जुलैच्या पिशवीपेक्षा जड भरली. कुजणारी वस्तू जड कशी होते?

करंजाचे आता देठ आणि मधल्या शिरा तेवढ्या उरल्यात. ऐन काळा, चामड्यासारखा झालाय. सागाच्या पानांची जाळी झालीय, लहानपणी वहीत ठेवायचो त्या पिंपळाच्या पानासारखी. एकाच मातीवर, एकाच पावसात तिघांचे तीन प्रकार का?

शेवटच्या तीन पिशव्या अजून खालीच आहेत. जाणकारांनी लिहावं, मनापासून ऐकायचं आहे.

घोडबंदरवाला | १४ सप्टेंबर, रात्री ९.३४

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली. पिशव्यांचे फोटो टाका ना.

मास्तर_निवृत्त | १४ सप्टेंबर, रात्री १०.५०

पर्णिकाताई, चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण असा प्रयोग एकाही विद्यार्थ्याकडून करून घेतला नाही याची आज रुखरुख लागली. तुम्ही जे केलंत त्याला संशोधक पाचोळ्याच्या पिशव्यांची पद्धत म्हणतात आणि जगभर ती अशीच जाळीच्या कापडात करतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चहाच्या कपात आहे. चहाची पत्ती पाण्यात टाकली की रंग, चव, तुरटपणा पाण्यात उतरतो आणि गाळणीत चोथा राहतो. पावसाने तुमच्या पानांचा चहा केला. वाळलेल्या पानात साखरा, अमिनो आम्लं आणि साध्या फिनॉलसारखे पाण्यात विरघळणारे पदार्थ असतात. झाडावर असताना पेशीचं आवरण त्यांना धरून ठेवतं. पान मेलं की ते आवरण फाटतं आणि पहिल्या चांगल्या पावसात हा सगळा ऐवज धुपून जातो. त्याला कोणी जीव लागत नाही, पाणी पुरतं. जे विरघळलं त्यातला गोड भाग मातीतले जिवाणू काही दिवसांत फस्त करतात.

पालाश (पोटॅशियम) सगळ्यात आधी जातो. तो पानात कुठल्याच मोठ्या रेणूला बांधलेला नसतो, पेशीरसात मोकळा फिरत असतो. याउलट कॅल्शियम पेशींच्या भिंती सांधणाऱ्या पेक्टिनमध्ये अडकलेला असतो, म्हणून तो भिंत मोडेपर्यंत थांबतो. दोन्ही धातूच, पण एक पहिल्या आठवड्यात निघतो आणि दुसरा शेवटपर्यंत रेंगाळतो.

आणखी एक. पान गळण्याआधी झाड त्यातला सुमारे निम्मा नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) परत फांदीत ओढून घेतं. तुमच्या आवारात पडतं ते झाडाने आवरासावर करून सोडलेलं घर असतं.

ऐरोलीकर | १५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

जड पिशवीचं उत्तर : माती. ऑगस्टच्या पावसात चिखलाचे थेंब उडून पानांवर बसतात आणि बुरशीच्या धाग्यांत अडकतात. हलक्या पाण्यात चटकन विसळून मग वाळवा. प्रयोगशाळेत थोडा नमुना भट्टीत पूर्ण जाळतात, राखेचं वजन घेतात आणि ते वजा करून हिशेब लावतात. मुळातल्या पानाची राख थोडी असते, त्याहून जास्त आली ती मातीची.

पर्णिका | १५ सप्टेंबर, सकाळी ८.०२

माती! इतकं सोपं. मी दोन रात्री काटा बिघडला समजून साखरेच्या पुड्या तोलत होते.

रानवाट | १५ सप्टेंबर, दुपारी १.२०

सागाच्या जाळीबद्दल थोडं वेगळं मत. मी दर रविवारी येऊरला जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथले साग बघा, झाडावरच पानांची जाळी झालेली दिसते, लांबून अख्खा उतार तांबूस वाटतो. ती कुजण्याची जाळी नव्हे. सागावर एक बारीक अळी पडते, ती शिरांमधला मऊ हिरवा भाग खाते आणि शिरा सोडून देते. त्याआधी, पावसाच्या सुरुवातीला येणारी दुसरी अळी अख्खं पान खाते. तुमची पानं उन्हाळ्यात गळलेली, म्हणजे गेल्या पावसाळ्यातल्या अळीने आधीच जाळी केलेली असू शकतात. पिशवीत भरताना ती अख्खी होती का?

पर्णिका | १५ सप्टेंबर, दुपारी २.४५

भरताना बरीचशी अख्खी होती, पण सगळी नव्हती. मी वेगळी केली नाहीत. हे लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी अख्खी आणि खाल्लेली वेगवेगळ्या पिशव्यांत.

देठ | १५ सप्टेंबर, रात्री ८.३०

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

रानवाटताई म्हणतात ते बरोबर, पण अळीची जाळी आणि कुजण्याची जाळी यांच्यामागे कारण एकच आहे. शिरांमध्ये पाणी वाहणाऱ्या नळ्या असतात, त्यांच्या भिंतींत लिग्निन नावाचं कठीण द्रव्य भरलेलं असतं. लिग्निन अळीला पचत नाही आणि बहुतेक जिवाणूंनाही पचत नाही. पिंपळाचं पान आपण पाण्यात बुडवून ठेवतो तेव्हा जिवाणू पेशींना चिकटवणारं पेक्टिन आधी खातात, मधला गर सुटतो आणि जाळी हातात येते. अंबाडी आणि ताग पाण्यात कुजत घालून वाख काढतात ते हेच. वहीतलं पिंपळपान म्हणजे कुजणं मधेच थांबवून ठेवलेलं पान.

सेल्युलोज आणि लिग्निनमधला फरक असा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एकसारख्या कड्यांची साखळी. एक विकर (एन्झाइम) तयार ठेवलं की तेच काम प्रत्येक कडीवर चालतं. लिग्निनमध्ये तसा नेमच नाही. बेंझीनची वलयं कशीही, कुठूनही जोडलेली. कुलपाला ठरलेली किल्लीच नाही. म्हणून पांढरी कुज करणाऱ्या बुरशी वेगळा मार्ग घेतात : लॅकेस, मँगनीज पेरॉक्सिडेस यांसारखी विकरं वापरून अतिशय क्रियाशील रेणू सोडतात, ते समोर येईल तो बंध जाळत सुटतात. त्यासाठी प्राणवायू लागतो आणि पानात मँगनीज असेल तर काम पुढे सरकतं. तुमच्या पिशवीत पानावर फटफटीत पांढरे डाग दिसले तर समजा ती आली. तपकिरी लिग्निन गेलं की खालचं फिकट सेल्युलोज उघडं पडतं.

ऐन काळा का? त्यात टॅनिन, म्हणजे तुरट चवीचं द्रव्य, भरपूर. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून बसतं, मग ती प्रथिनं कुणाला सहज मिळत नाहीत आणि विकरंही प्रथिनंच असल्याने तीही अडकतात. कातडी कमावतात ती याच गुणावर. पर्णिकाताईंनी 'चामड्यासारखा' हा शब्द सहज वापरला, पण रसायनाच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे.

केळफूल | १५ सप्टेंबर, रात्री ९.१२

म्हणजे वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, केळफूल सोलताना बोटं काळी होतात, तेच का हे?

देठ | १५ सप्टेंबर, रात्री ९.२०

हो, जवळचंच. पेशी फुटली की फिनॉल, विकर आणि हवा एकत्र येतात, क्विनोन बनतात आणि ते एकमेकांना चिकटून तपकिरी-काळे मोठे रेणू होतात. तुमचं नाव धाग्याला फारच शोभलं!

तलावपाळी | १५ सप्टेंबर, रात्री ९.५८

अवांतर : विड्याच्या पानाला कात लावतो तो खैराच्या लाकडाचा अर्क, तोही टॅनिनच्याच कुळातला. चुन्याबरोबर लाल होतो. खैर येऊरलाही आहे. तेव्हा जेवणानंतर विडा खाणाऱ्या प्रत्येकाने ऐनाच्या पानाची चव थोडीफार घेतलेलीच आहे. आमचे आजोबा म्हणायचे, तुरट खाल्लं की दात टिकतात. ऐनाचं पान टिकतंय ते बघून आजोबांची आठवण झाली.

हिशेबनीस | १६ सप्टेंबर, सकाळी ११.०५

मी लेखापाल, मला यात घसारा दिसतो. यंत्राचा घसारा दोन प्रकारे लावतात. एक, दरवर्षी सारखी रक्कम. दोन, घटत्या शिलकीवर : जेवढं उरलंय त्याचे ठरावीक टक्के. ताईंचे आकडे दुसऱ्या पद्धतीचे वाटतात. आधी भसकन उतरतात, मग हळू. असंच आहे का?

मास्तर_निवृत्त | १६ सप्टेंबर, दुपारी १२.३०

हिशेबनीस, तुम्ही नकळत १९६३ सालच्या ऑल्सन या शास्त्रज्ञापर्यंत पोचलात. त्यांनी हेच सूत्र मांडलं : दर काळात उरलेल्या पाचोळ्याचा ठरावीक हिस्सा जातो. त्या हिश्श्याचा आकडा ठिकाणाठिकाणाला वेगळा. उष्ण, ओल्या जंगलात तो इतका मोठा असतो की वर्षाचा बराचसा पाचोळा त्याच वर्षात संपतो. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात तोच थर वर्षानुवर्षं साचत जातो. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो, त्यामुळे वर्षभराचं काम चार महिन्यांत उरकतं. उरलेले आठ महिने पाचोळा कोरडा पडून असतो आणि काम जवळजवळ थांबतं.

देठ | १६ सप्टेंबर, दुपारी १.१५

सर, एक दुरुस्ती सुचवू? घसाऱ्याचा दरसुद्धा कायम राहत नाही. आधी गोड आणि सोपं संपतं, मागे कठीण तेवढं उरतं, म्हणून दरच उतरत जातो. एकाच पानात दोन-तीन वेगवेगळी यंत्रं आणि प्रत्येकाचा घसारा वेगळा, असं धरलं तर हिशेब जास्त जुळतो.

मास्तर_निवृत्त | १६ सप्टेंबर, दुपारी १.४०

मान्य. पूर्ण मान्य.

बाल्कनीबाग | १७ सप्टेंबर, सकाळी ९.२०

मी कोलशेतला राहते, बाल्कनीत खत करते. ओल्या कचऱ्यावर टाकायला वाळकी पानं लागतात, ती येऊरहून दोन-तीन पोती आणते. वरच्या काळ्या मातीच्या थरासकट आणली तर फार लवकर खत होतं. ज्यांना घाई आहे त्यांनी करून बघा.

रानवाट | १७ सप्टेंबर, सकाळी ९.४१

बाल्कनीबाग, कृपा करून हे थांबवा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून काहीही उचलायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे, वाळकं पानही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तो थर तिथल्या झाडांचं पुढच्या पावसाचं जेवण आहे.

बाल्कनीबाग | १७ सप्टेंबर, सकाळी १०.१०

दोन पोत्यांनी एवढं मोठं जंगल उपाशी मरणार आहे का? खाली पडलेलंच तर आणते. लोक झाडं तोडतात त्यांना बोला.

मास्तर_निवृत्त | १७ सप्टेंबर, सकाळी ११.२५

एका घराची दोन पोती जंगलाला जाणवणार नाहीत हे खरं. पण ठाण्यात बाल्कन्या किती आहेत ते बघा. मध्य युरोपात शेतकरी गुरांखाली अंथरायला जंगलातला पाचोळा पिढ्यान्‌पिढ्या खरवडून नेत. झाड एकही तुटलं नाही, तरी माती निकस झाली आणि झाडांची वाढ खुंटली. बव्हेरियातले एबरमायर यांनी १८७६ मध्ये पाचोळ्याचं रसायन तपासून हे मांडलं. पाचोळ्याच्या शास्त्रातला हा फार जुना धडा आहे.

तुमची गरज मात्र खरी आहे. ती रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाने, सोनमोहराने, बदामाने भागेल. ती पानं नाही तरी गोण्यांतून जातात. सोसायटीच्या माळीदादांना सांगून ठेवा, ते आनंदाने देतील.

बाल्कनीबाग | १७ सप्टेंबर, दुपारी ४.००

कायद्याचं खरंच माहीत नव्हतं. पुन्हा आणणार नाही. पर्जन्यवृक्षाचं लक्षात ठेवते, आमच्याच रस्त्यावर आहेत.

रानवाट | १७ सप्टेंबर, दुपारी ४.१२

मनापासून आभार. मी जरा जोरात बोलले, राग मानू नका.

मुरबाडचा_राब | १८ सप्टेंबर, रात्री ८.०५

वाचतोय कधीचा. आमच्याकडं पानाला कोणी कुजू देत नाय, भाजतात. भाताच्या रोपाची जागा उन्हाळ्यात तयार करायची. खाली शेण, त्यावर ऐनाच्या, सागाच्या डहाळ्या, मग गवत-पाचोळा, वरून पातळ माती, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राबावरचं रोप काळंभोर, जोमदार, तण नाय. बिनराबाचं रोप पिवळं. माझा बाप, त्याचा बाप हेच करत आले. शहरातले लोक म्हणतात पान जाळू नये. मग राबाला रोप चांगलं का येतं?

देठ | १८ सप्टेंबर, रात्री ९.३०

दादा, प्रश्न फार चांगला आहे, आणि तुमचं बघणं खोटं नाही. राबाने तीन गोष्टी होतात. पानातला पालाश, कॅल्शियम, स्फुरद राखेत उरतो आणि रोपाला ताबडतोब मिळतो. कुजण्यात जे महिने घेतं ते आग एका सकाळी करते. तणाचं बी भाजून मरतं. आणि तापलेल्या मातीत अमोनियाच्या रूपातला नत्र मोकळा होतो, म्हणून रोप हिरवंगार.

जातं काय? पानातला नत्र. साधारण २०० अंशांच्या पुढे तो वायू होऊन उडायला लागतो. आणि कार्बन तर जवळपास सगळाच. पान मातीवर कुजलं असतं तर त्यातला काही भाग मातीत मुरला असता. म्हणजे राब त्या एका वाफ्याला देतो, पण डहाळ्या जिथून आल्या त्या रानाकडून घेतो.

मुरबाडचा_राब | १८ सप्टेंबर, रात्री ९.५५

पटलं. पूर्वी रान मोठं होतं, आता डहाळ्यांना दोन कोस जावं लागतं. दोन वर्षं झाली, एका वाफ्यात गिरिपुष्पाचा पाला गाडून बघतोय. आठवडाभरात पाला दिसत नाय. तण मात्र येतं, ते काढावं लागतं.

मास्तर_निवृत्त | १८ सप्टेंबर, रात्री १०.२०

गिरिपुष्प आणि ताईंचा करंज एकाच शेंगकुळातले. पानात नत्र भरपूर, म्हणून दोन्ही झपाट्याने जातात. हिरवळीच्या खतासाठी ही दोन झाडं म्हणूनच सांगतात.

मत्स्यालय | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

आमच्या छंदातली भर. देशी बदामाची वाळलेली लाल पानं माशांच्या टाकीत घालतात. दोन दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं होतं, सामू (पीएच) थोडा उतरतो, काही माशांना ते फार मानवतं. पुढे पानावर बुळबुळीत थर येतो आणि गोगलगायी तो चाटून पुसून खातात, शिरा मागे ठेवतात. सगळं काचेतून दिसतं, खणावं लागत नाही! नेरूळला मैदानाच्या कडेला बदामाची रांग आहे, तिथून वेचतो. ठाणेकरांनो, येऊरचं नाही, शब्द देतो.

ऐरोलीकर | २० सप्टेंबर, सकाळी ७.३०

खाडीकडूनही थोडं सांगतो. आमच्याकडचं खारफुटीतलं मुख्य झाड तिवर. त्याचं पान पडलं की एक तर भरती घेऊन जाते, नाही तर खेकडे बिळात ओढतात. वर उघड्यावर राहिलं तर चांगल्या वेगाने कुजतं, तिवरात टॅनिन कांदळ या दुसऱ्या खारफुटीपेक्षा कमी आहे. पण चिखलात पुरलं गेलं की खेळ बदलतो. तिथे प्राणवायू नाही. मग जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास भागवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. ओहोटीला ऐरोलीच्या पुलावरून जाताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, लोक सगळा दोष गटाराला देतात. गटाराचा वाटा आहेच, पण काही वास खाडीचा स्वतःचा, पानं कुजण्याचा आहे. चिखल काळा दिसतो तो लोह आणि गंधकाच्या संयुगाने.

देठ यांनी लिहिलं की लिग्निन तोडायला प्राणवायू लागतो. तो चिखलात नसल्याने तिथलं लिग्निन फार काळ पडून राहतं. म्हणून खारफुटीखालच्या चिखलात इतका कार्बन साठतो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी पक्ष्यांचे फोटो टाकले, ते योग्यच होतं. मला तो चिखलही तेवढाच मोलाचा वाटतो.

घोडबंदरवाला | २० सप्टेंबर, सकाळी ८.१०

आता पुलावरून जाताना मुलांना काच वर करा म्हणणार नाही. धडा म्हणून वास घ्यायला लावणार!

पर्णिका | २१ सप्टेंबर, रात्री ९.००

किती शिकले या आठवड्यात. एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नाही. शेणखतवाले, बाल्कनीवाले सगळे म्हणतात, कच्चा पाचोळा झाडाच्या मुळाशी गाडू नका, झाड पिवळं पडतं. आणि तुम्ही म्हणता पाचोळा झाडाचं जेवण. दोन्ही खरं कसं?

देठ | २१ सप्टेंबर, रात्री १०.४५

हा प्रश्न यावा अशी वाट बघत होते. कागदावर करू.

उदाहरणापुरतं धरा : १० ग्रॅम पान, त्यात नत्र १ टक्का, म्हणजे ०.१ ग्रॅम. कार्बन साधारण ४८ टक्के, म्हणजे ४.८ ग्रॅम. कार्बन-नत्राचं प्रमाण ४८ ला १.

आता खाणारा सूक्ष्मजीव. त्याच्या शरीरात हे प्रमाण साधारण ८ ला १. पण तो खाल्लेल्या कार्बनचा सुमारे एक तृतीयांशच शरीरात घालतो, उरलेला श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. म्हणजे ८ भाग कमवायला त्याला २४ भाग खावे लागतात आणि त्या २४ बरोबर १ भाग नत्र हवा. तुमच्या पानात २४ कार्बनमागे नत्र आहे अर्धाच. मग उरलेला अर्धा तो आणतो कुठून? आजूबाजूच्या मातीतून. बुरशीचे धागे तर खालच्या मातीतला नत्र ओढून वरच्या पानात आणतात. ज्या झाडाच्या मुळाशी तुम्ही कच्चं पान गाडलं, त्याच्या ताटातला घास हे सूक्ष्मजीव काही काळ उचलतात. झाड पिवळं पडतं ते म्हणून.

पण कार्बन श्वासातून जात राहतो आणि नत्र शरीरात अडकून राहतो. पान ५ ग्रॅमवर आलं आणि नत्र तोच ०.१ ग्रॅम राहिला तर टक्केवारी झाली २. प्रमाण आलं २४ ला १. या उंबरठ्यापासून पुढे सूक्ष्मजीवांना नत्र पुरून उरतो, जास्तीचा ते मातीत सोडतात आणि मग झाडाचं जेवण सुरू होतं.

म्हणून पान हलकं होत जातं तसतसं त्यात नत्राचं प्रमाण वाढत जातं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर मैत्रिणींना सांगत फिरले होते.

हिशेबनीस | २१ सप्टेंबर, रात्री ११.०२

आधी उसनं घेतात, मग व्याजासकट परत करतात. वहीत उतरवून घेतलं.

मास्तर_निवृत्त | २२ सप्टेंबर, सकाळी १०.००

अप्रतिम मांडलंस, देठ. शेवटी जे कठीण लिग्निन उरतं त्यापासून ह्युमस बनतो, तो काळा, स्थिर पदार्थ शतकानुशतकं मातीत राहतो, हे जोडलं की वर्तुळ पुरं होईल.

देठ | २२ सप्टेंबर, सकाळी ११.३५

सर, इथे मात्र मला वाद घालायचाय. आम्हाला आता हे वेगळं शिकवतात. जुन्या पद्धतीत मातीवर तीव्र अल्कली ओतून काळा अर्क काढायचे आणि त्याला ह्युमस म्हणायचे. पण तसे मोठे रेणू मातीत मुळात होते की अल्कलीने तसे दिसले, हीच शंका आहे. लेहमान आणि क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ठामपणे लिहिलं की मातीतलं सेंद्रिय द्रव्य म्हणजे लहान-मोठ्या, सतत मोडत जाणाऱ्या तुकड्यांची अखंड रांग आहे. जे दीर्घकाळ टिकतं ते रेणू कठीण म्हणून टिकतंच असं नाही, चिकणमातीच्या कणांना आणि लोहाच्या संयुगांना चिकटून सूक्ष्मजीवांच्या हाताबाहेर गेलं म्हणून टिकतं. आणि त्यातला मोठा वाटा पानाचा नसून पान खाऊन मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा असतो.

मास्तर_निवृत्त | २२ सप्टेंबर, रात्री ९.१५

दुपारभर वाचत बसलो. मी जे पिढ्यांना शिकवलं ते बदललंय. तू सांगितलंस म्हणून या वयात कळलं. मग सोपा पाला, करंजासारखा, लवकर संपतो म्हणून मातीला कमी देतो असं म्हणणंही चूक ठरेल?

देठ | २२ सप्टेंबर, रात्री ९.४०

हो सर. सोपा पाला सूक्ष्मजीव जास्त काटकसरीने वापरतात, त्यातून त्यांची शरीरं जास्त बनतात, आणि ती मातीला चिकटतात. दिसेनासा झालेला करंज मातीत असू शकतो, फक्त त्याला आता करंज म्हणता येत नाही.

रानवाट | २३ सप्टेंबर, सकाळी ७.५०

काल येऊरच्या वाटेवर वाळवीच्या वारुळाशी बराच वेळ बसले, तुमच्या सगळ्यांमुळे. वाळवी वाळकं पान आत नेते, पण लिग्निन तिलाही नीट पचत नाही, म्हणून ती वारुळात बुरशीची बाग करते आणि ते काम तिच्याकडून करून घेते. पावसात वारुळावर उगवणारी छत्रीसारखी अळंबी त्या बागेचीच. पाड्यावरचे लोक ती कुठे उगवते ते कुणाला सांगत नाहीत, मीही सांगणार नाही!

पाचोळा उलटला तर पैसे किडे वेटोळं घालून बसले होते. ते पान चावून बारीक करतात, फार थोडं पचवतात, उरलेलं लेंडीतून टाकतात. पण पानाचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि बुरशीला, जिवाणूंना शिरायला जागा होते.

केळफूल | २३ सप्टेंबर, सकाळी ९.०५

आणि तो मातीचा वास? पहिल्या पावसाचा?

रानवाट | २३ सप्टेंबर, सकाळी ९.३०

त्यातला मोठा भाग जिओस्मिन नावाच्या रेणूचा, स्ट्रेप्टोमायसेस जातीचे जिवाणू तो बनवतात. २०२० मध्ये असं दिसलं की पाचोळ्यातले उड्या मारणारे बारीक स्प्रिंगटेल त्या वासावर येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन पुढे पसरवतात. आपल्याला आवडतो तो वास मुळात त्यांच्यासाठी आहे.

घोडबंदरवाला | २३ सप्टेंबर, सकाळी १०.१५

शिवायला वेळ नसलेल्यांसाठी : चहाच्या पिशव्या पुरून हाच प्रयोग करतात, २०१३ पासून बऱ्याच देशांत. एक हिरव्या चहाची, एक रूइबॉस नावाच्या झुडपाच्या चहाची, ८ सेंटिमीटर खोल, तीन महिने. हिरवा लवकर कुजतो, रूइबॉस हळू, आणि दोन्हींच्या वजनावरून मातीचा वेग काढतात. मुलीने कालच कुंडीत पुरल्या. तारीख कुंडीवर रंगवली आहे.

पर्णिका | १६ नोव्हेंबर, रात्री ८.२०

दोन महिन्यांनी परत आले. शेवटच्या तीन पिशव्या आज उचलल्या, यावेळी विसळून वाळवल्या.

करंज : पिशवीत फक्त देठांची काडी-काडी आणि काळी भुगाभर माती. तोलायला काही उरलं नाही.

साग : ३ ग्रॅम. जाळ्याच जाळ्या. पण देठ म्हणाली होती तसे दोन पानांवर पांढरे डाग सापडले, कडेला बुरशीचे धागे पंख्यासारखे पसरलेले. डाग पडलेला भाग बोटाने दाबला तर ओल्या कागदासारखा सुटला. डाग नसलेल्या शिरा अजून ताठ आहेत.

ऐन : ५ ग्रॅम. देठच्या हिशेबातलं पान बरोबर इथे थांबलं होतं. नत्र मोजायची सोय माझ्याकडे नाही, पण एक बघितलं. पिशवीखालच्या मातीत जांभळाची केसासारखी बारीक मुळं वर येऊन पिशवीच्या छिद्रांतून आत शिरली होती. ऐनाच्या पानांना चिकटली होती. सागाच्या पिशवीत दोन-चार, करंजाखाली अगदी दाट जाळं. जूनमध्ये तिथे एकही मूळ नव्हतं, मीच जागा साफ केली होती.

ऐनाची पिशवी उचलताना ती मुळं तुटली, त्याचं वाईट वाटलं. वजन करून झाल्यावर पानं परत त्याच जागी नेऊन ठेवली, पिशवीशिवाय.

मुरबाडचा_राब | १६ नोव्हेंबर, रात्री ८.४८

ताई, मुळं परत येतील. ओल आहे अजून जमिनीत.

देठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९.०५

पर्णिकाताई, सागाची ती पांढऱ्या डागांची दोन पानं टाकू नका. कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. शनिवारी उपवनला येते, सूक्ष्मदर्शक बरोबर आणते. मास्तर सर, तुम्हीही याल ना?

मास्तर_निवृत्त | १६ नोव्हेंबर, रात्री ९.११

सकाळी आठला तलावाच्या कट्ट्यावर हजर. वही घेऊन.